बोट वर करा

कॅमेऱ्याला कपाळ नसतं, ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली. तोपर्यंत दादाच्या घरी खंडेनवमीला पाटावर जे जे मांडलं जाई त्या प्रत्येकाला कपाळ होतं. शिवणयंत्राला होतं, मिक्सरला होतं, दादाच्या पान्यांना आणि कानसांना होतं, स्कूटरला तर हेडलाइटच्या वर चांगलं रुंद कपाळ होतं. त्या वर्षी पाटावर एक नवी वस्तू आली. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, एका डोळ्याचा कॅमेरा. आम्ही तो बोटीवर लावायचो. वहिनीने नेहमीप्रमाणे तेलात कालवलेलं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि त्यालाही लावलं. कुठे लावलं ते मी पाहिलं नाही. मी मागे उभी राहून दादाकडे बघत होते, कारण पंधरा दिवसांनी त्याचा आवाज जाणार होता.

मी नौपाड्यातल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासते. काम दिसायला सोपं आहे. माणसाला काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा आणि बाहेरून मशीनवर बारीक, मग आणखी बारीक आवाज द्यायचा. ‘ऐकू आलं की बोट वर करा,’ हे वाक्य मी तीस वर्षं म्हणत आले आहे. दादा त्यावर दर वेळी तोच विनोद करायचा. ‘तुझ्याकडे बोट वर केलं की माणूस पास. आमच्याकडे बोट वर झाली की माणूस पाण्यात.’ आमची बोट म्हणजे कॅटामरान, तिला एकीऐवजी दोन सडपातळ होड्या असतात, आणि वारा वाढला की त्यातली वाऱ्याकडची पाण्यातून उचलली जाते, फार उचलली की बोट उलटते, म्हणून हे. विनोद पहिल्यांदा बरा होता.

एकदा वहिनी फारच मागे लागली तेव्हा तो स्वतः माझ्याकडे तपासायला आला. वर्कशॉपमध्ये मुलांना लेथ शिकवण्यात त्याचा जन्म गेलेला, त्यामुळे कान थोडे उतरलेले असणारच होते. पण हा खोलीत बसला आणि भराभर बोट वर करायला लागला. मला शंका आली. नीट बघितलं तर हा काचेतून माझा खांदा न्याहाळत होता. बटण दाबताना माझा खांदा किंचित हलतो, हे इतक्या वर्षांत मलाही माहीत नव्हतं. मी बटण न दाबता नुसता खांदा हलवला. बोट वर.

‘दादा, मी आवाज दिलाच नव्हता.’

‘मग खांदा कशाला उडवतेस?’ असं म्हणून त्याने हेडफोन काढून ठेवला. पुढची तपासणी त्याने करू दिली नाही. नापास व्हायची त्याला सवय नव्हती.

निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात. दादाने कुठूनतरी मोडकी कॅटामरान आणली. एका होडीला हातभर चीर, मधली ताणलेली जाळी उंदरांनी खाल्लेली, शीड पिवळं पडलेलं. ती ठेवायला जागा दिली ती माजिवड्याच्या पुढे खाडीकाठी राहणाऱ्या एका आगरी काकांनी. त्यांच्या वडिलांचं तिथे मिठागर होतं. आता त्या जमिनीवर टॉवर आहेत आणि काकांचे त्यात चार-पाच फ्लॅट आहेत, पण काका रोज संध्याकाळी टॉवरकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. भरती-ओहोटी त्यांना विचारून घ्यायची. मोबाइलवर वेळ दिसते, पण चिखल किती दिसेल ते मोबाइलला कळत नाही. दादाला ते मास्तर म्हणायचे.

बोट नीट करायला दादाला एक आख्खा पावसाळा लागला. दुसऱ्या माणसाशिवाय ती चालेना, आणि वहिनीला बादलीतल्या पाण्याचीही भीती, म्हणून मला डोंबिवलीहून दर रविवारी हजर व्हावं लागे. मी बावन्न वर्षांची होते. गुडघे कुरकुरत होते. पहिल्या दिवशी मी मनात त्याला जितक्या शिव्या दिल्या तितक्या आयुष्यात दिल्या नव्हत्या, आणि दुसऱ्या रविवारी त्याच्या आधी काठावर पोचले होते.

कॅमेरा त्याने आणला तो हौसेने नव्हे, चुका पकडायला. वर्कशॉपमधली सवय. काम हातात असताना चूक दिसत नाही, काम संपल्यावर दिसते, असं त्याचं मत. आधी त्याने कॅमेरा डोलकाठीच्या टोकाला बांधला. त्यात तासभर आभाळ आणि घारी आल्या. मग पुढे टोकाला लावला, तर नुसतं हलणारं क्षितिज, बघून वहिनीला मळमळलं. शेवटी दोन होड्यांना जोडणाऱ्या पुढच्या आडव्या दांड्यावर, तोंड मागे करून लावला, तेव्हा जमलं. शीड किती फुगलंय, दोरी कोणी वेळेवर ओढली नाही, सुकाणू कोणी धरलंय, सगळं एका चौकटीत. क्लॅम्प निसटला तर कॅमेरा खाडीत जाऊ नये म्हणून त्याला वहिनीच्या परकराची नाडी बांधलेली असे. आणि उडणारं पाणी काचेवर थेंब धरून बसू नये म्हणून बोट सोडण्याआधी दादा ती काच जिभेने चाटायचा. थुंकी लागली की थेंब टिकत नाही, पाणी पसरून निथळून जातं. मी शी म्हणायचे. काका खुर्चीतून म्हणायचे, ‘मास्तर, पानी काय पलून चाललंय का, फोटू कारताव?’

नंतर नौपाड्याला दादाच्या घरी टीव्हीवर तपासणी. वहिनीचे पोहे हातात घेऊन मी गुन्हेगारासारखी बसायची आणि दादा चित्र थांबवून थांबवून मला सांगायचा की इथे तू झोपली होतीस, इथे तू पुलाकडे बघत होतीस, इथे तू माझ्याकडे बघत होतीस आणि माझ्याकडे बघून बोट चालत नसते. आवाज तो बंद करून ठेवायचा. त्या कॅमेऱ्यात वाऱ्याच्या घरघरीशिवाय काही यायचंच नाही. बघून झालं की तो सगळं पुसून टाकायचा. कार्ड रिकामं, पुढच्या रविवारी नव्या चुका.

शिडाच्या बोटीला वाऱ्याच्या थेट समोर जाता येत नाही. तिरकं जायचं, मग वळायचं, मग दुसरीकडे तिरकं जायचं. वळताना शिडाखालचा ॲल्युमिनियमचा आडवा दांडा एका बाजूचा सुटतो आणि सपकन दुसऱ्या बाजूला येतो. त्या क्षणी बोटीवरच्या प्रत्येकाने वाकायचं असतं. इंग्रजी पुस्तकांत यासाठी दोन-तीन हुकूम दिलेले आहेत. दादाने ते वाचले आणि सोडून दिले. तो फक्त ओरडायचा, ‘डोकं!’

हा शब्द मला नवा नव्हता. आम्ही लहान असताना वडिलांची नोकरी खडवलीला होती. दादा मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून नदीवर न्यायचा. वाटेत चिंचेच्या फांद्या फार खाली आलेल्या असत, आणि मी कधीच पुढे बघत नसे, बडबडत असे. प्रत्येक फांदीआधी मागून आवाज यायचा, ‘डोकं!’ आणि मी मान खाली घालायची. एकदाच तो म्हणायला विसरला. ती खूण माझ्या भुवईत अजून आहे, आणि घरी जाऊन आईला त्यानेच सांगितलं होतं, मला सांगू दिलं नव्हतं. पुढे वर्कशॉपमध्ये तो मुलांना हेच ओरडायचा असं त्याच्या एका विद्यार्थ्याने मला सांगितलं. म्हणजे आयुष्यभरात त्याने सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द बहुधा हाच असावा.

असा हा आवाज माझ्या कानांसमोर सहा महिने घोगरा होत गेला आणि मी ऐकत राहिले. मी रोज दुपारी त्याच्याच घरी डबा उघडून जेवत होते. परक्या कोणी येऊन मला सांगितलं असतं की महिनाभर आवाज बसलाय, तर मी त्याला हाताला धरून डॉक्टरांच्या खोलीत नेलं असतं. घरच्या माणसाला मी हळद-दूध सांगितलं. ‘खाडीवर ओरडून बसलाय,’ असंही म्हणाले. पुढे तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून पाठवला, आणि माझ्याच दवाखान्यातल्या खुर्च्यांवर, जिथे मी दिवसभर इतरांना बसवते, तिथे बसून आम्ही तिघांनी ऐकलं की स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास गळ्याला केलेल्या भोकातून चालेल. ते भोक कायमचं. पाण्याला जपायचं, अंघोळसुद्धा बेताने, त्या भोकात पाणी गेलं तर बुडाल्यासारखंच. दादाने विचारलं, ‘होडी?’ डॉक्टरांनी मान हलवून नाही म्हटलं. वहिनी रडली. मी रडले नाही, कारण मला माझाच राग आला होता, आणि राग असला की मला रडू येत नाही.

मग मी त्याचा आवाज धरून ठेवायच्या मागे लागले. वेगळ्या तऱ्हेने बोलायला नंतर शिकता येतं, यंत्रंही मिळतात, हे मी रोज लोकांना समजावते. पण तो आवाज वेगळा. मला हा हवा होता. घरात शोधाशोध केली तेव्हा कळलं की दादाचा आवाज कुठेच नाही. लग्नामुंजीत कॅमेरा कायम त्याच्याच हातात, त्यामुळे इतर सगळे बोलतायत आणि तो नाही. फोनवर त्याचे दोन निरोप सापडले. एकात ‘पोचलो’ आहे, दुसऱ्यात नुसता खोकला. मी त्याला म्हटलं, रोज पेपरातलं पानभर वाच, मी रेकॉर्ड करते.

‘मी काय मेलोय का?’

‘नाही. पण वाच.’

‘माझ्या आवाजाचं संग्रहालय करायचं नाही,’ असं म्हणून तो पेपर घेऊन गॅलरीत गेला. वहिनीनेही सांगून पाहिलं. तिच्यावर तो ओरडला, घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात, आणि मी हातातला फोन पिशवीत टाकला.

तेव्हा मला कॅमेऱ्याची आठवण झाली. बोटीवर तो बोलतो. बोटीवर त्याला कॅमेरा चालतो. प्रश्न फक्त वाऱ्याचा होता, आणि आवाजाचं मला तरी कळायला हवं होतं. मी दादाची जुनी माकडटोपी कापून कॅमेऱ्याला लोकरीची टोपी शिवली, काचेपुरतं भोक ठेवून. लोकर वाऱ्याचा मार खाते आणि आवाज आत सोडते. डोंबिवलीच्या माझ्या गच्चीवर टेबलफॅनसमोर मी ती तपासली. स्वतःशीच बोलून बघितलं, ऐकलं, चांगलं येत होतं. बाळंतविडा घेऊन जावं तशी मी ती टोपी घेऊन खंडेनवमीला नौपाड्याला गेले. दादाने टोपी बघितली, माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं असणार. ‘थंडी वाजते का गं त्याला?’ एवढंच म्हणाला. नाही म्हणाला नाही, आणि मला तेवढं पुरे होतं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी आम्ही खाडीवर गेलो. शेवटचं, असं कोणी म्हणालं नाही. काकांना वहिनीने फोन करून सांगून ठेवलं असावं, कारण एरवी टोमणा मारल्याशिवाय न राहणारे काका उठून बोटीपर्यंत आले आणि म्हणाले, ‘मास्तर, चारच्या आत परत या. पानी सुटलं का चिखलान बसाल.’ आम्हाला उशीर झालेला होता. मी पिशवीतून कॅमेरा काढला तर काचेवर लाल. तेलातलं कुंकू, बरोबर मधोमध.

मी ते ओढणीने पुसलं. पुसलं असं मला वाटलं. उन्हात त्या एवढ्याशा पडद्यावर काही दिसत नव्हतं. मग नेहमीसारखा कॅमेरा दादाच्या हातात दिला, चाटायला. त्याने तो तोंडाजवळ नेला आणि थांबला. कडेला राहिलेलं कुंकू त्याला दिसलं.

‘पूजा केलीय याची,’ तो म्हणाला. ‘उष्टा कसा करू?’

हे बोलणारा माणूस गणपतीच्या आरतीत घड्याळ बघणारा. देवाच्या कुठल्या गोष्टीला कशाने बाध येतो असं त्याने कधी मानलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी तिथे बाध यावा असं काही नव्हतंच. त्या दिवशी त्याने कॅमेरा दोन्ही डोळ्यांना लावला, नाडी नीट बांधली आणि क्लॅम्प आवळला. तो घाबरलाय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी चेष्टा करणार होते, ती गिळली.

वारा पश्चिमेचा होता, दुपारनंतर येतो तसा सरळ आणि भरलेला. तिवरांच्या कडेकडेने बाहेर पडलो आणि मग दादाने शीड आवळलं. पुलावरून गाड्या जात होत्या. सुकाणूत एकदा जलपर्णी अडकली, ती मी पालथी पडून काढली. लांबच्या एका तिरक्या धावेत वाऱ्याकडची होडी हळूच पाण्यातून उचलली गेली, हातभर, आणि तशीच राहिली. खालून पाणी निथळत होतं. दादा हसला. त्या धावेत तो बोलायला लागला. मी त्याच्या पुढे दोन हातांच्या अंतरावर बसले होते, दोरी दोन्ही हातांनी धरून, पाठ त्याच्याकडे. मागून त्याचा आवाज येत होता, खरखरीत, थांबत थांबत, मधे वाऱ्याने तुटलेला. तो वीसेक मिनिटं बोलत होता. एक-दोनदा आईचं नाव आल्यासारखं वाटलं. मी मागे वळले नाही. मला आनंद झाला होता. बोलतोय, बोलू दे, कॅमेरा ऐकतोय, असा मी विचार केला आणि दोरीकडे लक्ष दिलं. घरी जाऊन सावकाश ऐकू, असं ठरवलं.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की बाकी सगळं सोडा आणि फक्त ऐका. त्या वीस मिनिटांत मला कोणी हे सांगायला नव्हतं.

आम्ही चारच्या आधी परत आलो. बोट वर ओढताना दादाने दोन्ही होड्यांच्या पोटावरून हात फिरवला. सोनं म्हणून काकांनी त्याच्या हातात आपट्याची पानं दिली, आणि तो त्यांच्या पाया पडला. काका त्याच्याहून फार तर पाच वर्षांनी मोठे असतील.

शस्त्रक्रिया दिवाळीच्या आधी झाली. दादा घरी आल्यावर, तो झोपलेला असताना, वहिनी आणि मी टीव्हीसमोर बसलो. चित्र सुरू झालं. कडेला आभाळ होतं, खाली जाळी होती, एका बाजूला मी होते. मधोमध मोठा, धूसर, लाल डाग होता, आणि दादा त्या डागात होता. ओढणीने मी कुंकू पुसलं नव्हतं, तेल पसरवलं होतं. दादाने नेहमीसारखी काच चाटली असती तर ते तिथल्या तिथे त्याच्या लक्षात आलं असतं.

वहिनी म्हणाली, ‘अगं, त्याला कपाळ कुठंय? मला जिथं सपाट दिसलं तिथं लावलं.’

मी म्हटलं, ‘असू दे. आपल्याला आवाज हवा होता. तो ऐकू.’ आणि आवाज वाढवला.

वारा. टेबलफॅनचा वारा वेगळा आणि खाडीचा वेगळा, हे कानांच्या बाईला कळायला हवं होतं. लोकरीच्या टोपीतून, दवाखान्यातल्या चांगल्यातल्या चांगल्या हेडफोनमधून, मागे-पुढे करून, मी ती वीस मिनिटं कितीदा ऐकली असतील. लाल डागातून घरघर येते. त्या घरघरीत कुठेतरी माझा भाऊ बोलतोय. एक शब्द लागत नाही. मला त्या दिवशी रडू आलं. राग संपला होता.

पण चित्र पुढे गेलं आणि एक गोष्ट घडली. बोट वळली. वळताना कॅटामरान क्षणभर वाऱ्याच्या तोंडावर थबकते, वेग मरतो, शीड फडफडतं आणि घरघर अचानक बसते. त्याच क्षणी सुकाणूवरचा माणूस गुडघ्यांवर येऊन, दांड्याखालून वाकून, पुढे होऊन दुसऱ्या बाजूला जातो. वाकल्यामुळे दादाचा चेहरा लाल डागाच्या खाली आला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, स्वच्छ उन्हात. आणि तो म्हणाला, ‘डोकं!’

घोगरा होता. पण त्याचाच होता, आणि अगदी स्पष्ट होता. मग तो परत डागात गेला आणि वारा परत सुरू झाला. पुढच्या वळणाला पुन्हा चेहरा, पुन्हा ‘डोकं!’ त्या दिवशी आम्ही अकरा वेळा वळलो होतो. अकरा वेळा तो कुंकवातून बाहेर आला, मला वाकायला सांगितलं आणि आत गेला. वहिनीने माझा हात घट्ट धरला होता. सातव्या की आठव्या वेळी आम्ही दोघीही सोफ्यावर बसल्या बसल्या वाकलो, ते आमच्या नंतर लक्षात आलं.

दादा बोलायचं ते पुसायच्या पाटीवर लिहितो, लहान मुलांची असते तसल्या. महिन्याभराने, तो जरा सावरल्यावर, मी विचारलं, ‘त्या दिवशी लांबच्या धावेत तू काय बोलत होतास? मला ऐकू आलं नाही.’ कॅमेरा आहे म्हणून मी ऐकलं नाही, हेही सांगितलं. ते सांगितल्याशिवाय मला राहवेना. त्याने पाटी मांडीवर घेतली, विचार केला आणि लिहिलं, ‘आठवत नाही. बहुतेक तुझ्या चुका सांगत होतो.’

मी वाचलं. त्याने लगेच पाटी पुसली. तो खोटं बोलत होता का, हे आवाजावरून मला कळलं असतं. अक्षरावरून कळत नाही.

जानेवारीच्या शेवटी त्याने लिहिलं, ‘बोट पडून राहिली तर जाळी परत उंदीर खातील.’ त्याचा अर्थ मला कळला आणि मी नाही म्हटलं. सुकाणू मी सरळ धावेत धरलेलं होतं, पण वळताना ते कायम त्याच्या हातात असे. एकटीने तर मी कधीच गेले नव्हते. त्याने लिहिलं, ‘वारा कमी असतो हल्ली. पुढचं शीड लावू नकोस. वेग असताना वळ. वळताना थांबू नकोस.’ पाटी भरली तशी पुसून पुन्हा लिहिलं, ‘मी आहे काठावर.’

रविवारी आम्ही गेलो. वहिनीही आली. दादाच्या गळ्यावर तिने शिवलेला मलमलचा पांढरा रुमाल होता. काकांनी आपली खुर्ची दादाला दिली, पाण्यापासून लांब, कोरड्या जागी, आणि स्वतः लुंगी खोचून गुडघाभर पाण्यात बोट धरून उभे राहिले. दादाने माझ्याकडे हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. मग मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने उलटासुलटा करून बघितला, कुठे कुंकू नव्हतं. मग त्याने काच नीट चाटली आणि परत दिला. वहिनी शी म्हणाली.

‘ताय, दोरी सोरू नको,’ काका म्हणाले. ‘मी हाय हितं.’ आणि त्यांनी बोट ढकलली.

वारा खरंच कमी होता. सरळ गेले तोवर ठीक होतं. समोर तिवरं आली, आता वळायलाच हवं होतं. मी मागे पाहिलं. काठ बराच लांब गेला होता. खुर्चीतला दादा बोटभर दिसत होता, पांढरा रुमाल तेवढा उठून दिसत होता. बोटीवर मी एकटीच होते, कोणाला सांगायची गरज नव्हती. पण सांगितल्याशिवाय वळणं मला माहीतच नव्हतं. मी छातीत श्वास भरला, सुकाणू ढकललं आणि जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने ओरडले, ‘डोकं!’

आणि वाकले. दांडा वरून गेला. शीड दुसऱ्या बाजूने भरलं आणि बोट काठाकडे निघाली. मी दोरी आवळून मान वर केली. काठ जरा जवळ आल्यावर दिसलं, खुर्चीत बसलेल्या दादाने उजवा हात उचलला होता आणि एक बोट वर केलं होतं.

तो वारा आणि ते अंतर बघता त्याला ऐकू आलं असेल असं कान तपासणारी बाई म्हणून मी म्हणणार नाही. सुकाणू ढकलताना माझा खांदा हलला असणार, आणि खांदा त्याला दिसला असणार. पण या वेळी मी आवाज दिला होता.